दोन्ही याद्यांबाहेरची माणसे

गेल्या दिवाळीत आमची नात हैदराबादहून चार दिवसांसाठी इंदूरला आली होती. फराळाचे ताट पुढे असताना तिने एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर आम्हांस त्या दिवशी देता आले नाही. पुढले दोन महिने आम्ही जे वाचले, आठवले आणि मनाशी घोळविले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नातीने ज्या विषयाची पदवी घेतली आहे, त्यास डेटा सायन्स म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘विदाविज्ञान’ असा शब्द निघाला आहे. पण आमच्या सौभाग्यवतींचा जन्म माळव्यातला, त्यामुळे ‘विदा’ म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे मांडवाच्या दारात रडणारी मुलगीच उभी राहते. तर या नातीस एकाच आठवड्यात दोन ठिकाणांहून बोलावणे आले होते. एक मोठी कंपनी. तिचे यंत्र म्हणे पोलिसांस आगाऊ सांगते, की उद्या शहराच्या कोणत्या भागात गुन्हा घडण्याचा संभव अधिक. पगाराचा आकडा ऐकून आम्ही चकलीचा तुकडा तसाच खाली ठेवला. चौतीस वर्षे गणित शिकवून आम्ही जे मिळविले, ते तिला दीड-दोन वर्षांत मिळणार होते. दुसरे बोलावणे एका लहानशा संशोधनसंस्थेचे. काम आकड्यांचेच, पण माणसांवर झालेल्या अन्यायाची मोजदाद करण्याचे. आणि वेतन असे, की हैदराबादेत खोलीचे भाडे व दोन वेळचे जेवण भागावे.

“आजोबा, तुम्ही जनगणनेत काम केलेले आहे. तुम्हीच सांगा,” ती म्हणाली.

आमच्या जनगणनेचा आणि तिच्या यंत्राचा काय संबंध, हे आम्हांस कळेना. तेव्हा तिने एका संशोधकाचे नाव सांगितले, त्याची काही व्याख्याने व लेख छापून आमच्या हाती दिले, आणि भाऊबीज आटोपून ती परत गेली.

त्या संशोधकाचे नाव पॅट्रिक बॉल. अमेरिकन गृहस्थ, मिशिगन विद्यापीठाचे समाजशास्त्राचे डॉक्टर. परंतु विद्यापीठाची खुर्ची त्यांनी धरली नाही. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या चिमुकल्या देशात यादवी युद्ध अखेरच्या टप्प्यात असताना, १९९१ साली, ते तेथील एका मानवी हक्क संघटनेच्या कचेरीत संगणकापुढे बसले, आणि त्यांच्या आयुष्याचा धंदा तेथेच ठरला. संघटनेजवळ हजारो जबान्या पडून होत्या. कोणाचा मुलगा नेला, कोणाचा नवरा मारला. तारीख अमुक, गाव तमुक. मारणाऱ्याचे नाव सहसा कोणास ठाऊक नसे, पलटण मात्र ठाऊक असे. श्री. बॉल यांनी दुसरी एक यादी तयार करविली. लष्करातील कोणता अधिकारी कोणत्या काळात कोणत्या पलटणीवर होता, एवढीच तिच्यात नोंद. मग दोन याद्या संगणकात समोरासमोर ठेवल्या. जबान्यांतील तारखा आणि अधिकाऱ्यांच्या नेमणुका एकमेकींस भेटताच, कोणाच्या हाताखाली सर्वाधिक अत्याचार झाले, ती नावे कागदावर उतरली. त्यांतील काही अधिकाऱ्यांनी बदनामीचे दावे लावले. न्यायालयापुढे सर्व माहिती व तिची आकडेमोड उघडी करून ठेवताच ते दावे मागे घेतले गेले, असे श्री. बॉल यांनी पुढे आपल्या व्याख्यानांत सांगितले आहे.

हे वाचून आम्ही प्रथम मनाशी म्हणालो, की यात गणित ते काय? आमच्या शाळेचा कारकूनदेखील हजेरीपट आणि फीचे रजिस्टर असेच ताडून पाहत असे. पण खरे गणित पुढेच होते.

आमच्या नातवाच्या मुंजीच्या वेळची गोष्ट सांगतो, म्हणजे वाचकभगिनींस ते सहज उमजेल. आमंत्रणांची यादी करावयाची होती. सौभाग्यवतींनी एक यादी केली, थोरल्या सूनबाईंनी स्वतंत्र दुसरी केली. सौभाग्यवतींच्या यादीत साठ घरे, सूनबाईंच्या यादीत पन्नास. दोन्हींत असलेली घरे तीस. म्हणजे एकूण ऐंशी घरे झाली, पत्रिका छापा, असे आमचे चिरंजीव म्हणाले. परंतु जरा थांबा. सूनबाईंच्या पन्नासांपैकी तीसच घरे सौभाग्यवतींस आठवली होती. म्हणजे पाच घरांपैकी तीनच त्यांच्या स्मरणाच्या जाळ्यात सापडतात. मग त्यांच्या यादीतली साठ घरे हीसुद्धा एकूण आप्तेष्टांच्या पाचांत तीन भागच असली पाहिजेत. म्हणजे एकूण घरे शंभर. ऐंशी याद्यांत आहेत, तेव्हा वीस घरे अशी आहेत, की जी दोघींपैकी कोणासही आठवली नाहीत. ती कोणती, हे गणित सांगू शकत नाही. पण ती आहेत, हे सांगू शकते. (त्या विसांपैकी एक देवासचे आमचे आतेभाऊ निघाले. ते आजतागायत आमच्याकडे पाणीसुद्धा घेत नाहीत.)

दोन याद्या जितक्या अधिक एकमेकींशी जुळतील, तितके बाहेर राहिलेले थोडे. जितक्या कमी जुळतील, तितके बाहेर राहिलेले अधिक, असा हा विचार आहे. यात मेख अशी, की याद्या खरोखर स्वतंत्र असावयास हव्यात. सासू-सुनांनी एकाच जुन्या वहीवरून नावे उतरविली असती, तर दोन्ही याद्या तंतोतंत जुळल्या असत्या आणि कोणीही सुटले नाही, असा भ्रम झाला असता. म्हणून जाणकार तीन, चार, जितक्या मिळतील तितक्या याद्या घेतात आणि त्या एकमेकींत कशा गुंतल्या आहेत, ते पाहतात.

ही युक्ती तलावातील मासे मोजणाऱ्यांनी फार पूर्वीच योजिली होती. परंतु माणसांच्या जन्ममृत्यूंना ती ज्या निबंधाने लावली, त्याचा उगम आपल्याच देशात आहे, हे वाचून आम्हांस अभिमान वाटला आणि हे आपणांस आजवर ठाऊक नसावे, याची लाजही वाटली. कलकत्त्याजवळ हुगळी जिल्ह्यात सिंगूर नावाचे ठिकाण आहे. तेथील आरोग्यकेंद्राच्या टापूत जन्ममृत्यूंची सरकारी नोंद होती. १९४७ साली घरोघर फिरून दुसरी नोंद घेण्यात आली. कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य संस्थेतील सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकेचे डेमिंग या दोघांनी त्या याद्या ताडून, दोन्हींतून निसटलेले जन्म व मृत्यू किती असावेत, याचे सूत्र १९४९ साली प्रसिद्ध केले. सिंगूरच्या बाळंतिणींसाठी मांडलेले ते गणित पुढे अर्ध्या शतकाने ग्वातेमालाच्या कबरींपर्यंत पोहोचेल, असे त्या दोघांच्या स्वप्नीही नसेल.

ग्वातेमाला हा एल साल्वादोरचा शेजारी. तेथे १९६० पासून १९९६ पर्यंत यादवी चालली. डोंगरांतील माया लोकांवर लष्कराने जो कहर केला, त्याची चौकशी करण्यास संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने आयोग बसला. मृतांच्या तीन याद्या होत्या: आयोगाची स्वतःची, मानवी हक्क संघटनांची आणि कॅथलिक चर्चची. चर्चच्या यादीचे काम बिशप हुआन हेरार्दी यांनी केले होते. २४ एप्रिल १९९८ रोजी त्यांनी अहवाल लोकांपुढे ठेवला आणि २६ एप्रिलच्या रात्री त्यांचा खून झाला. यादी करणे हे किती जोखमीचे काम असू शकते, याचा आम्हां घरोघर फिरून रकाने भरणाऱ्या मास्तरांस कधी अंदाजच आला नाही. श्री. बॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तीन याद्या ताडल्या. १९७८ ते १९९६ या काळातच सुमारे १,३२,००० माणसे मारली गेली असावीत, असा हिशेब निघाला. आधीची वर्षे व इतर अभ्यास जमेस धरून आयोगाने १९९९ च्या अहवालात मृत व बेपत्ता मिळून दोन लाखांहून अधिक, असा आकडा दिला. पूर्ण ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते.

याच आकड्यांचा उपयोग पुढे न्यायालयात झाला. १९८२-८३ मध्ये ग्वातेमालावर सत्ता गाजविणारे जनरल रिओस माँट यांच्यावर वंशसंहाराचा खटला २०१३ साली उभा राहिला, तेव्हा श्री. बॉल साक्षीदार होते. इशिल लोकांच्या तीन तालुक्यांत, एप्रिल १९८२ ते जुलै १९८३ या काळात, लष्कराने मूळच्या रहिवाशांपैकी ५.५ टक्के मारले. त्याच तालुक्यांत राहणाऱ्या इतरांपैकी ०.७ टक्के. म्हणजे एकाच गावात, एकाच युद्धात, इशिल असणाऱ्याच्या वाट्यास मरण आठपट. साक्षीचा गाभा एवढाच. जनरलसाहेबांना ऐंशी वर्षांची शिक्षा झाली, आणि दहाच दिवसांत वरिष्ठ न्यायालयाने कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर निकाल रद्द केला. २०१८ मध्ये ते वारले. फेरखटला संपला नव्हता. आकडा खरा असला म्हणजे न्याय होतोच असे नाही.

श्री. बॉल यांच्या साऱ्या उद्योगात आमचे मन सर्वांत अधिक कशात गुंतले असेल, तर ते मोरिना येथील नोंदवह्यांत. १९९९ च्या वसंतात कोसोव्होतून लक्षावधी अल्बेनियन माणसे घरे सोडून पळत होती. पळण्याचे कारण काय, यावर वाद होता. युगोस्लाव्ह सरकार म्हणे, नाटोच्या बाँबहल्ल्यांनी ती पळाली. निर्वासित म्हणत, सैन्याने हाकलले. अल्बेनियाच्या सरहद्दीवर मोरिना नावाचे नाके आहे. तेथील पहारेकऱ्यांनी त्या गर्दीतही जमेल तशी नोंद ठेवली होती: कुटुंबप्रमुख, गाव, माणसे किती, तारीख. शाईने, हातांनी लिहिलेली पाने. कोणी त्यांच्याकडे पाहणारही नव्हते. श्री. बॉल यांनी ती पाने मिळविली आणि कोणत्या गावातून कोणत्या दिवशी किती माणसे निघाली, याचा आलेख काढला. मग मृत्यूंचा आलेख त्याशेजारी ठेवला. दोन्ही एकाच वेळी चढत, एकाच वेळी उतरत. तिसरा आलेख बाँबहल्ल्यांचा. तो यांच्याशी जुळेना. ६ एप्रिलला, ऑर्थोडॉक्स पंथीयांच्या ईस्टरनिमित्त युगोस्लाव्ह बाजूने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. मृत्यू आणि स्थलांतर दोन्ही त्या सुमारास ओसरले.

मार्च २००२ मध्ये हेग येथील न्यायाधिकरणापुढे स्लोबोदान मिलोशेविच यांच्याविरुद्ध ही साक्ष झाली. मिलोशेविच स्वतः कायद्याचे पदवीधर. वकील न देता त्यांनी स्वतःच उलटतपासणी घेतली. श्री. बॉल यांनी तेथे असे म्हटले नाही, की सैन्याने मारले हे आकड्यांनी सिद्ध झाले. त्यांनी म्हटले ते इतकेच, की बाँबहल्ल्यांमुळे किंवा अल्बेनियन बंडखोरांमुळे लोक पळाले, हे म्हणणे या आकड्यांशी जुळत नाही. सैन्याच्या मोहिमेमुळे पळाले, हे म्हणणे जुळते. एका नोंदवहीवर एवढेच बोलता येते आणि तो गृहस्थ तेवढेच बोलला. आमच्या वर्गात ‘सिद्ध झाले’ असे घाईने लिहिणाऱ्या मुलांचे गुण आम्ही कापीत असू, त्याची आठवण झाली. मिलोशेविच २००६ मध्ये कोठडीतच मरण पावले. निकाल झालाच नाही.

पेरूची हकीकत थोडक्यात सांगतो. १९८० ते २००० या वीस वर्षांतील हिंसेचे बळी पंचवीस-तीस हजार असावेत, असे आधी मानले जाई. २००३ साली तेथील सत्यशोधन आयोगाने अनेक याद्यांवरून अंदाज केला, तो ६९,२८० निघाला. मृतांमध्ये चारांपैकी तीन माणसे केचुआसारख्या मूलवासी भाषा बोलणारी होती. राजधानीत त्यांच्याकडे कोणाचे लक्षच नव्हते. या आकड्यावर २०१९ मध्ये सिल्व्हिओ रेंडॉन यांनी आक्षेप घेतला आणि त्याच माहितीवरून सुमारे ४८,००० चा हिशेब मांडला, श्री. बॉल व त्यांच्या सहकाऱ्याने त्यास लेखी उत्तर दिले. हा वाद वाचताना आम्हांस समाधानच वाटले. सर्व आकडेमोड उघडी ठेवली होती, म्हणूनच तर दुसऱ्यास ती तपासता आली.

श्री. बॉल पूर्वी अमेरिकेतील विज्ञानसंवर्धन संघाच्या मानवी हक्क विभागात होते. पुढे त्यांचा ‘ह्यूमन राइट्स डेटा अ‍ॅनॅलिसिस ग्रूप’ २०१३ पासून सॅन फ्रान्सिस्कोत स्वतंत्र संस्था म्हणून उभा राहिला. कोलंबियाच्या सत्यशोधन आयोगासाठी या मंडळींनी ११२ ठिकाणच्या याद्या एकत्र केल्या, असे २०२२ च्या अहवालावरून दिसते. एकच मयत चार याद्यांत चार वेगवेगळ्या शुद्धलेखनांनी आलेला असतो. तो एकच आहे, हे ओळखण्यास यंत्रास शिकवावे लागते. येथे त्यांस कृत्रिम बुद्धिमत्तेचे साह्य झाले आहे. तेव्हा यंत्राचे वावडे या मंडळींस मुळीच नाही, हे ध्यानात ठेविले पाहिजे. कारण आता नातीच्या पहिल्या नोकरीकडे वळावयाचे आहे.

याच संस्थेत क्रिस्टियन लम नावाच्या विदुषी संख्याशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी विल्यम आयझॅक यांच्यासह २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गुन्ह्यांचे भाकीत करणारे जे यंत्र अमेरिकेतील पोलीस वापरीत, त्याची रीत छापून आलेली होती. ती घेऊन त्यांनी तिला कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराची अमली पदार्थांच्या गुन्ह्यांची पोलीस-नोंद भरविली. दुसरीकडे, आरोग्यविषयक पाहणीवरून पाहता, अमली पदार्थांचे सेवन त्या शहरात सर्वत्र साधारण सारखेच होते. पण पोलिसांची नोंद सारखी नव्हती. कृष्णवर्णीय व गरीब वस्त्यांत पोलीस पूर्वीपासून अधिक फिरत, म्हणून तेथेच अधिक गुन्हे सापडत. यंत्राने ती नोंद वाचली आणि निमूटपणे सांगितले: उद्याही तेथेच जा. या भाकिताप्रमाणे वागले, तर कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात पाळत पडेल, असा हिशेब निघाला. गेल्यावर तेथे पुन्हा गुन्हे सापडणार, ते पुन्हा नोंदीत येणार, आणि यंत्राचा विश्वास वाढत जाणार. ज्या सांताक्रूझ शहराने २०११ मध्ये हे यंत्र सर्वांआधी वापरून पाहिले होते, त्यानेच २०२० मध्ये त्यावर बंदी घातली.

म्हणजे हा मुंजीच्या यादीचाच घोटाळा आहे, फक्त उलट्या बाजूने. एकच यादी, तीही कोणाच्या तरी येण्याजाण्याच्या सवयीवरून झालेली. आणि तीच संपूर्ण जग आहे, असे समजून केलेली आमंत्रणे. दुसरी यादी कोणी मागितलीच नाही.

आपल्या देशातील एक उदाहरण टाळून पुढे जाणे आम्हांस बरे वाटत नाही. पंजाबात दहशतवाद व त्याचा बीमोड चालू असता अमृतसरचे जसवंतसिंग खालडा बेपत्ता माणसांचा शोध घेत होते. पोलीस ठाण्यात ती नावे मिळणार नव्हती. ते स्मशानात गेले. बेवारस म्हणून आणलेल्या प्रेतांसाठी किती सरपण लागले, याची नोंद नगरपालिकेच्या वहीत होती. लाकडाच्या हिशेबावरून माणसांचा हिशेब लागला. ६ सप्टेंबर १९९५ रोजी खालडा यांनाच घराबाहेरून पळवून नेण्यात आले. ते परत आले नाहीत. त्याबद्दल २००५ साली सहा पोलिसांना शिक्षा झाली. पुढे केंद्रीय तपासात अमृतसर भागातील अशा २,०९७ दहनांची नोंद आढळली. त्यांपैकी १,२३८ प्रेतांची ओळख लागली नव्हती. श्री. बॉल यांच्या संस्थेतील अभ्यासकांनी २००९ मध्ये पंजाबच्या या याद्यांचाही प्राथमिक अभ्यास केला. सरपणाची वही लिहिणाऱ्या कारकुनाचे नाव कोठे आढळत नाही. त्याने आपले काम चोख केले होते, एवढेच.

आणि आता आमच्या स्वतःच्या रकान्यांकडे येतो. हे लिहावे की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला.

१९८१ च्या जनगणनेत आमच्याकडे मालवा मिलच्या बाजूची एक चाळ आली होती. गणना ९ ते २८ फेब्रुवारी. नियम पक्का होता: या वीस दिवसांत जो एकदाही घरी नव्हता, त्याची त्या घरात नोंद करू नये. एका खोलीत एक बाई राहत होत्या. नवरा गिरणीत होता, तो वारलेला. स्वतः पापड लाटून निभावीत. बुऱ्हाणपूरकडच्या, त्यामुळे मराठीच बोलत. आम्ही विचारले, घरात माणसे किती? त्या म्हणाल्या, दोन. दुसरा कोण? मुलगा. कोठे आहे? त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. शेजारणीने सांगितले, की दोन वर्षे झाली, गिरणीतल्या कसल्याशा भांडणानंतर रात्री कोणी बोलावून नेले, तो आलाच नाही. ठाण्यात विचारले, तर म्हणाले, कुठेतरी पळून गेला असेल.

“मास्तर, लिहून टाका. येईल तो,” बाई म्हणाल्या.

आम्ही नियम समजावून सांगितला. गणिताच्या मास्तराला जितका स्वच्छ सांगता येईल, तितका स्वच्छ सांगितला. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि पुन्हा म्हणाल्या, “पण तुम्ही नाही लिहिले, तर तो कुठल्या कागदावर राहील?”

आम्ही ‘एक’ लिहिले. नियमाने ते बरोबर होते, आजही आम्ही ते बरोबरच मानतो. जनगणनेत बेपत्ता माणसांची भर घातली, तर जनगणना ती कसली? परंतु आमच्या पिशवीत एक कच्ची वही होती. तिच्यात आम्ही कोणाच्या घरी कुत्रे आहे, कोण दुपारी भेटतो, असल्या बारीकसारीक गोष्टी टिपीत असू. एक ओळ तेथे लिहिण्यास कोणता नियम आड येत होता? दुसरी यादी म्हणजे काय, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते, असे म्हणून सुटता येईल. पण खरे सांगावयाचे तर आम्हांस घाई होती. अजून अकरा खोल्या व्हावयाच्या होत्या, आणि पापडाच्या लाट्यांवर माशी बसली, तेवढ्याचे निमित्त करून आम्ही उठलो.

गंमत अशी, की सरकार स्वतःच्या गणनेवर विश्वास ठेवून स्वस्थ बसत नाही. प्रत्येक जनगणनेनंतर निवडक ठिकाणी दुसऱ्यांदा मोजणी होते आणि दोन याद्या ताडल्या जातात, सिंगूरचीच रीत. १९८१ मध्ये दर हजारी १८ माणसे सुटली होती, २०११ मध्ये २३. २०२१ ची जनगणना लांबली. २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आणि नोंदी मोबाइलवर घ्यावयाच्या, असे जाहीर झाले. कच्ची वही कोणाच्या पिशवीत असेल, असे वाटत नाही.

हे सर्व आम्ही नातीस टेलिफोनवर सांगितले. नोकरीबद्दल मात्र एक शब्द बोललो नाही. पगार लहान आहे, घरभाडे मोठे आहे, आणि तिच्या वडिलांचे घराचे हप्ते अजून फिटावयाचे आहेत, हे आम्हांस दिसत नाही असे नाही. दुसऱ्याच्या पोरीस त्यागाचा उपदेश करणे सोपे, आपल्या पोरीस तो करताना जीभ अडखळते. तीही नोकरीबद्दल बोलली नाही. मोठ्या कंपनीकडे तिने एक पत्र धाडले होते, एवढेच म्हणाली: तुमच्या यंत्राला जी पोलीस-नोंद भरवता, तिच्याशी ताडून पाहण्यासाठी दुसरी कोणती यादी तुमच्यापाशी आहे? उत्तर आलेले नव्हते.

मग तिने विचारले, “आजोबा, त्या मुलाचे नाव काय होते?”

आम्ही आठवून पाहिले. बाईंच्या लुगड्याचा रंग आठवतो. उडदाच्या पिठाचा आणि पापडखाराचा वास आठवतो. दाराच्या चौकटीवर आम्हीच गेरूने काढलेला घरक्रमांक आठवतो, तो आम्ही तिला सांगितला.